यादी चावडीवर लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘पीएम किसान’ म्हणजे शेतकऱ्याच्या खात्यावर दोन-दोन हजारांच्या हप्त्यांनी वर्षाला सहा हजार रुपये देणारी केंद्राची योजना. तिच्या अपात्र लाभार्थ्यांच्या बातम्या दर काही महिन्यांनी आपल्या अंकात येतात. किती लाख अपात्र, किती कोटींची वसुली, एवढं छापून येतं आणि मग पुढच्या बातमीपर्यंत सगळं शांत. त्या लाखांतली मी एक आहे. माझ्या खात्यावर पाच हप्ते आले, एकूण दहा हजार रुपये. त्यांवर माझा हक्क नव्हता. ते मी परत केले, पण परत करायला मला आठ महिने लागले. त्या आठ महिन्यांत गावात जे पाहिलं ते लिहून ठेवायला हवं असं वाटत होतं. पत्र लांबलं आहे, तरी शक्य झाल्यास तोडू नये.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत एकोणतीस वर्षं शिकवलं आणि २०१६ साली निवृत्त झाले. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू पट्ट्यात आहे. यजमान गेल्यावर साडेतीन एकर जमीन वारसानं माझ्या नावावर लागली. त्यात ज्वारी, तूर आणि विहिरीला पाणी असेल त्या वर्षी कांदा होतो. जमीन दोन हेक्टरच्या आत असल्यानं क्षेत्राच्या नियमात मी बसत होते. पण महिना दहा हजार किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन असलेल्यांना ही योजना नाही. आजी-माजी सरकारी नोकर (शिपाई वर्ग सोडून), आयकर भरणारे, डॉक्टर, वकील, आमदार-खासदार हेही वगळलेले आहेत. मी दोन कारणांनी अपात्र होते.

मग नाव गेलं कसं? फेब्रुवारी २०१९ मध्ये. १ फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात योजना जाहीर झाली आणि २४ तारखेला पहिला हप्ता सोडायचा होता. तेवढ्या दिवसांत ८-अ च्या उताऱ्यावरून गावच्या सगळ्या खातेदारांची यादी करायची होती. कोतवाल घरोघर फिरत होता. “बाई, पासबुकाची आणि आधारची झेरॉक्स द्या, सरकारचं अनुदान यायचंय,” म्हणाला. आदल्या ऑक्टोबरात राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला होता. मला वाटलं दुष्काळाचंच अनुदान असेल. कागदांबरोबर एक स्वयंघोषणापत्र होतं, त्यावर मी सही केली. वाचलं नाही. ती चूक माझी, आणि ती दुसऱ्या कुणाच्या माथी मारायची नाही. पण माझ्यासारख्या शिकलेल्या बाईकडून जे झालं ते गावात किती जणांकडून झालं असेल, याचा विचार व्हावा. कोतवालालाही दोष देत नाही. त्याच्या हातात एक रजिस्टर आणि चार दिवस होते.

झेरॉक्स दिली होती शेतीच्या व्यवहारासाठी काढलेल्या दुसऱ्या खात्याची. त्या पासबुकावर वर्षभर नोंदी करून घेतल्या नव्हत्या. आणि मग आला एप्रिल २०२०.

त्या दिवसांतली आमच्या बाजारगावची बँक माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. बँकेपुढे फक्कीचे गोल आखले होते, आणि सकाळी सात वाजता प्रत्येक गोलात एक म्हातारी बसलेली असायची. उभं राहवत नव्हतं म्हणून बसलेली, तोंडाला पदर. जनधन खात्यावर बायकांना तीन महिने पाचशे-पाचशे रुपये यायचे होते आणि खात्याच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे ३ एप्रिलपासून वार ठरवून दिले होते. काढले नाहीत तर पैसे माघारी जातात, अशी आवई उठली होती. त्याच आठवड्यात शेतकऱ्यांचे दोन हजारही आले. उज्ज्वलाच्या सिलिंडरचे पैसेही येत होते. पासबुकात या सगळ्या ओळी इंग्रजी आद्याक्षरांत उमटतात. कुणालाच कळेना की कुठला पैसा कशाचा.

म्हणून लोक माझ्याकडे येऊ लागले. शाळा बंद होती. मी व्हरांड्यात अंतर ठेवून बसायचे आणि पासबुकं वाचून दाखवायचे. “बाई, माझं कोरोनाचं पैसं आलं का बघा की.” सगळ्यांच्या तोंडी हेच, ‘कोरोनाचं पैसं’. मीही तसंच म्हणत होते. चौथ्या-पाचव्या दिवशी स्वतःचंही पासबुक भरून आणलं आणि त्यात दोन-दोन हजारांच्या चार ओळी दिसल्या. शेवटची त्याच आठवड्यातली.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण ती तेव्हा कुणी सांगितली नाही. ते ‘कोरोनाचं पैसं’ नव्हतं. २६ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारनं १ लाख ७० हजार कोटींचं गरीब कल्याण पॅकेज जाहीर केलं. त्यात ८ कोटी ७० लाख शेतकऱ्यांना दोन हजार रुपये देण्याचा उल्लेख होता. पण तो एप्रिल ते जुलैचा नेहमीचाच हप्ता होता, एप्रिलच्या सुरुवातीलाच सोडलेला. वर्षाचे सहा हजार सहा हजारच राहिले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात या योजनेसाठी ७५ हजार कोटी रुपये साथ येण्याआधीच धरलेले होते. लवकर पैसे दिले हे बरं झालं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. बाजार बंद, कांदा शेतात, हाताला काम नाही, अशा वेळी दोन हजारांना किंमत होती. पण पारदर्शकता आधी शब्दांत असावी लागते. जो पैसा नेहमीचा आहे त्याला नेहमीचाच म्हणावं. तसं न म्हटल्यामुळे पुढे काय झालं पाहा. २०२० च्या अखेरीस आयकर भरणाऱ्या खातेदारांना वसुलीच्या नोटिसा निघू लागल्या, तेव्हा आमच्या गावात बोलवा झाली की सरकार कोरोनाचं पैसं माघारी घेतंय. दोघा-तिघा पात्र शेतकऱ्यांनी घाबरून डिसेंबरचा हप्ता खात्यावरून काढलाच नाही. त्यातल्या एकाच्या घरात खतालाही पैसे नव्हते.

माझं सांगते. टाळेबंदी सैल झाल्यावर जूनमध्ये मी तालुक्याला गेले आणि अर्ज दिला, की मी अपात्र आहे, नाव कमी करावं आणि आलेले आठ हजार भरून घ्यावेत. समोरचा कारकून भला माणूस होता. तो म्हणाला, “बाई, पैसे घ्यायचा आदेशच आलेला नाही, कुठल्या खात्यात भरून घेऊ?” अर्जाची पोच मात्र त्यानं दिली. ऑगस्टमध्ये पाचवा हप्ता आलाच. पुन्हा गेले. हे काम महसूलचं नाही, कृषीचं आहे, असं एका ठिकाणी ऐकलं. दुसऱ्या ठिकाणी याच्या उलट. या दोन खात्यांमध्ये ही योजना कुणी राबवायची यावरून राज्यात वर्षानुवर्षं ओढाताण चालली, हे आपल्या वाचकांना माहीत आहे. शेवटी फेब्रुवारी २०२१ मध्ये दहा हजारांचा डीडी घेतला गेला आणि पावती मिळाली.

ती पावती घेऊन बाहेर आले तेव्हा वाटलं, आता हे गावाला कसं कळणार? गावात तोवर कुजबुज होती की बाईंना पेन्शन आहे तरी पैसे येतात. खरंच होतं ते. मी परत केले हेही तितकंच खरं, पण ते सांगणारा कागद माझ्या कपाटात. ज्यांनी परत केले नाहीत त्यांच्याबद्दलही गाव तर्कच करणार. कुणाचा मुलगा पुण्याला कंपनीत आहे म्हणून बापाला नोटीस आली असं म्हणतात. कुणाला नोटीस आली नाही म्हणजे त्याची ओळख असणार असंही म्हणतात. यातलं खरं काय ते सरकारी संगणकाला माहीत आहे आणि गावाला नाही. भाऊबंदकी आधीच कमी होती असं नाही.

आकडे जे बाहेर आले तेही कसे आले पाहा. जानेवारी २०२१ मध्ये माहिती अधिकार कार्यकर्ते वेंकटेश नायक यांना केंद्राच्या कृषी खात्यानं दिलेल्या उत्तरातून कळलं की २० लाख ४८ हजार अपात्रांना १,३६४ कोटी रुपये गेले. त्यांतले निम्म्याहून जास्त आयकर भरणारे होते. महाराष्ट्रातले अपात्र २ लाख ८६ हजार, म्हणजे पंजाब आणि आसामनंतर आपला नंबर. मग जुलैमध्ये तत्कालीन कृषिमंत्री नरेंद्रसिंह तोमर यांनी संसदेत सांगितलं की अपात्र ४२ लाख १६ हजार आहेत आणि रक्कम २,९९२ कोटी. महाराष्ट्राचे ४ लाख ४५ हजार, ३५८ कोटी. सहा महिन्यांत आकडा दुपटीवर गेला. पहिला आकडा एका नागरिकानं अर्ज केला म्हणून कळला, दुसरा खासदारांनी प्रश्न विचारला म्हणून. आणि यातले आमच्या गावचे किती, हे आमच्या गावात आजही कुणाला सांगता येत नाही.

चुकीनं मिळालेल्यांची चर्चा होते. चुकीनं न मिळालेल्यांची होत नाही, आणि मला जास्त टोचतं ते हे दुसरं.

आमच्या वस्तीवर एक म्हातारी आहे. नाव लिहीत नाही. दोन एकर जमीन तिच्या एकटीच्या नावावर, मुलगा अपघातात गेलेला, नातू सांभाळते. २०१९ चे हप्ते तिला मिळाले. एप्रिल २०२० मध्ये फक्कीच्या गोलात तीही बसली होती. जनधनचे पाचशे आले, दोन हजार आले नाहीत. ऑगस्टला नाहीत, डिसेंबरला नाहीत. तिच्या डोक्यात बसलं की निवडणुकीत आपण त्यांच्या बाजूनं नव्हतो म्हणून नाव काढलं. ज्याच्यावर तिचा संशय होता त्याच्या घरच्या लग्नालाही ती गेली नाही. १४ ऑक्टोबर २०२० च्या पावसानं तिचं कांद्याचं रोप वाहून गेलं आणि तूर पिवळी पडली. सरकारनं त्या अतिवृष्टीसाठी दहा हजार कोटींचं पॅकेज जाहीर केलं, जिरायत-बागायतीला हेक्टरी दहा हजार, दोन हेक्टरपर्यंत. तिला क्षेत्राप्रमाणे ते पुढे मिळालं. पण पेरणी थांबत नाही. तिनं पाच हजार रुपये शेकडा पाचनं घेतले, महिन्याचे.

जून २०२१ मध्ये बँक मित्र, म्हणजे बँकेचा गावोगाव फिरणारा माणूस, आपलं मशीन घेऊन वस्तीवर आला होता. मी सहज म्हटलं, आजीचं आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते बघ. ते निघालं भलत्याच खात्याला. आदल्या साली नातवानं मोबाईलच्या दुकानात तिच्या नावावर सिमकार्ड घेतलं होतं. अंगठा तिथे दोनदा घेतला. त्यातला एक सिमसाठी आणि दुसऱ्यावर खातं निघालं. आधारवरून जाणारा पैसा ज्या खात्याला आधार शेवटी जोडलं तिथे जातो. चार हप्ते, आठ हजार रुपये, त्या खात्यात चौदा महिने पडून होते. आजीनं ऐकलं आणि काही बोलली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, “मग मी त्येंच्या लग्नाला गेली न्हाई ते?”

संपादक महोदय, याला कुठलं मोठं तंत्रज्ञान लागलं नसतं. एप्रिल २०२० च्या शेवटी चावडीच्या भिंतीवर एक कागद लागला असता, त्यात तिचं नाव, दोन हजार रुपये, तारीख आणि फक्त बँकेचं नाव असतं, तर तो वाचणाऱ्या पहिल्या पोरानं सांगितलं असतं की आजी, तुझे पैसे आलेत, पण ही बँक कुठली? सरकारच्या लेखी तिला चारही हप्ते ‘यशस्वीपणे’ पोचले होते. त्या यशाची खातरजमा करणारं गावात कुणी नव्हतं, कारण गावाला विचारलंच नव्हतं.

पोर्टलवर गावनिहाय यादी आहे, हे मी नाकारत नाही. मी ती पाहिली आहे. तीत नाव दिसतं. पण कुणाला किती हप्ते गेले, कुणाचा कधी थांबला, का थांबला, कुणी परत केले, हे त्या यादीत नाही. वगळलेल्यांची नावं तर नाहीतच. आणि ती पाहायला मोबाईल लागतो, रेंज लागते, राज्य-जिल्हा-तालुका असं एकेक निवडत जायला इंग्रजी लागतं. स्वतःची स्थिती पाहायची तर नोंदणी क्रमांक आणि ओटीपी. ज्यांचा फोन नातवाकडे आहे त्यांच्यासाठी ही यादी नसल्यातच जमा आहे. सेवा केंद्रात जाऊन ‘स्टेटस’ काढायला आमच्याकडे वीस रुपये घेतात. दोन हजार आले की नाही हे विचारायला वीस रुपये आणि अर्धा दिवस.

मार्च २०२० पासून गावाचं तोंडही बंद होतं, हे विसरू नये. २०२० साली आमच्याकडे १ मेची ग्रामसभा झाली नाही, १५ ऑगस्टची झाली नाही, २ ऑक्टोबरची झाली नाही. साथ होती, गर्दी करायची नव्हती, ते बरोबरच होतं. राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका पुढे ढकलल्या गेल्या आणि १५ जानेवारी २०२१ ला झाल्या, तोवर मुदत संपलेल्या ठिकाणी प्रशासक होते. म्हणजे ज्या काळात गावात सगळ्यांत जास्त सरकारी पैसा थेट खात्यांवर येत होता, त्याच काळात त्याबद्दल उभं राहून विचारायची जागा बंद होती. बंद ग्रामसभेच्या जागी निदान भिंतीवरचा कागद यायला हवा होता. कागदाला संसर्ग होत नव्हता.

आणि कागद लावणं सरकारला नवीन नाही. टाळेबंदीच्या एकच महिना आधी, २४ फेब्रुवारी २०२० ला, महात्मा जोतीराव फुले कर्जमुक्ती योजनेची ६८ गावांची पहिली यादी राज्य सरकारनं लावली होती. शेतकऱ्याचं नाव, विशिष्ट क्रमांक, कर्जाची रक्कम, सगळं गावात आणि बँकेच्या शाखेत. शेतकरी स्वतःची रक्कम पाहत होता आणि पटली नाही तर तक्रार करत होता. कर्ज ही तर माणसाची किती खासगी गोष्ट. ते भिंतीवर लागलं तेव्हा कुणी वैयक्तिक माहिती म्हणून हरकत घेतली नाही. घरकुलाची यादी ग्रामसभेत वाचतात. रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात तर सामाजिक अंकेक्षण लिहिलेलं होतं, ग्रामसभेनं हजेरीपट तपासायचा. ही प्रथा राजस्थानात १९९४ साली सुरू झालेल्या जनसुनावण्यांतून आली, जिथे गावासमोर हजेरीपट मोठ्यानं वाचले आणि लोक म्हणू लागले की हा तर कामावर कधी नव्हताच. त्याच राजस्थानात सप्टेंबर २०१९ पासून जन सूचना पोर्टल आहे आणि अनेक योजनांची माहिती अर्ज न करता एका ठिकाणी मिळते. मग आपल्याकडे शेतकऱ्याच्या हप्त्यालाच पडदा कशाला?

हा प्रश्न मी कागदावरही विचारला. पावती मिळाल्यावर जोडपत्र ‘अ’ भरून, दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती मागितली. माझ्या गावापुरतं, एप्रिल २०२० ते मार्च २०२१, नाव, हप्ते, रक्कम, तारीख, थांबला असल्यास कारण, आणि परत केलेल्यांची यादी. खाते क्रमांक, आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक नको, असं मुद्दाम लिहिलं होतं. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आलं की ही त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती आहे, देता येत नाही. वीस रुपयांचं तिकीट लावून पहिलं अपील केलं. तिथे सांगितलं, पोर्टल पाहा. दुसरं अपील मी केलं नाही. दुसरी लाट आली होती, माझी धाकटी बहीण दवाखान्यात होती आणि त्या कागदाकडे नंतर वळले नाही.

पण कायदा काय म्हणतो? माहिती अधिकाराच्या कलम ४(१)(ख) मध्ये सतरा बाबी आहेत, ज्या प्रत्येक कार्यालयानं कुणी न मागता स्वतःहून जाहीर करायच्या. त्यातली बारावी अर्थसाहाय्याच्या योजनांची आहे. किती रक्कम वाटली आणि लाभ घेणारे कोण, त्यांचा तपशील. मी अर्ज करायचीच गरज नसावी अशी ती माहिती. आता २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं पोटकलम बदललं. आधी ‘व्यापक जनहित’ असेल तर माहिती द्यावी, आणि जी विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारू नये, असं त्या पोटकलमात होतं, ते गेलं. जनहिताचं दुसरं कलम, ८(२), शिल्लक आहे, आणि बारावी बाबही शिल्लक आहे. पण जे अधिकारी आधीच ‘वैयक्तिक’ म्हणून कागद परत करत होते त्यांच्या हातात आता आणखी एक दांडका आला आहे. लाडक्या बहिणींच्या योजनेतही पुन्हा तेच सुरू झालेलं दिसतं, अपात्रांचे लाखांतले आकडे मुंबईहून कळतात आणि गावात नुसती कुजबुज.

यादी लावण्याला एक खरा आक्षेप आहे, तो मी टाळणार नाही. माझीच एक माजी विद्यार्थिनी म्हणाली, “बाई, यादी लावू नका. पैसे आलेले कळले की आमचे हे लगेच मागतात.” दारूचं घर आहे. तिच्यासाठी हप्ता गुपचूप येणं हीच सोय आहे. अशा बायका गावोगाव आहेत. मी यावर बरेच दिवस विचार केला. यादी पैसे आल्याच्या दिवशी लावू नये, पंधरा-वीस दिवसांनी लावावी, म्हणजे जिला काढायचे तिनं काढून घेतलेले असतील. यानं तिचा सगळा प्रश्न सुटत नाही, तिच्या घरचा प्रश्न यादीहून मोठा आहे. पण ती लपली जावी म्हणून आजीचे चौदा महिने हरवावेत, हेही मला पटत नाही.

आणखी एक गोष्ट यादीनं उघडी पडेल, म्हणून कदाचित ती लागत नसेल. आमच्या शिवारात एका मोठ्या वाटणीची जमीन पुण्यात राहणाऱ्या कुटुंबाच्या नावावर आहे. ती वाट्यानं करणारा माणूस बारा वर्षं तिथे राबतोय. हप्ता सातबाऱ्यावरच्या नावाला, म्हणून पुण्याला. अतिवृष्टीचं अनुदानही तिकडेच. टाळेबंदीत त्याच्या घरी जे आलं ते रेशनचं माणशी पाच किलो धान्य आणि बायकोचे पाचशे. इथे कुणी नियम मोडलेला नाही. योजनेचा नियमच तसा आहे, वाटेकऱ्याला तीत जागा नाही. पण भिंतीवर कागद असता आणि गावानं तो ग्रामसभेत वाचला असता, तर निदान हा प्रश्न मोठ्यानं निघाला असता. ज्या बायका शेतात राबतात आणि ज्यांचं नाव सातबाऱ्याला नाही, त्यांचाही निघाला असता. आमच्या गावच्या खातेदारांत बायका किती कमी आहेत हे मला पासबुकं वाचतानाच कळलं, नाहीतर मलाही इतकं जाणवलं नव्हतं.

२०२३ पासून राज्य सरकारचे ‘नमो शेतकरी’चे आणखी सहा हजार त्याच यादीवरून जातात. म्हणजे यादीतल्या चुका आता दुप्पट पैशांच्या झाल्या. दरवर्षी पाच टक्के लाभार्थ्यांची प्रत्यक्ष पडताळणी करायची असा नियम आहे. शंभरातल्या पाच घरी कुणीतरी जाणार. उरलेली पंच्याण्णव घरं शेजाऱ्यांना पाठ आहेत. कोण नोकरीत आहे, कोण वारला, कुणाची जमीन विकली गेली, हे गावाला सांगावं लागत नाही. त्यासाठी सॉफ्टवेअर आणायची गरज नाही.

म्हणून मागणी एवढीच आहे. प्रत्येक हप्त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी गावची यादी मराठीत, मोठ्या अक्षरांत, चावडीवर आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी. नाव, रक्कम, तारीख, बँकेचं नाव. ज्यांचा हप्ता थांबला त्यांची नावं आणि कारण त्याच कागदावर, आणि तक्रार कुणाकडे करायची तेही. ज्यांनी पैसे परत केले त्यांची यादी वेगळी. वर्षातून एकदा ग्रामसभेत वाचन. आणि साथीच्या दोन वर्षांची, २०२०-२१ आणि २०२१-२२ ची यादी, उशिरा का होईना, एकदा लागावीच. त्या दोन वर्षांत काय कुणाला मिळालं यावरून आमच्या गावात दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

माझं नाव कृपया छापू नये. छापलं तर आजी कोण, ती मुलगी कोण, हे अख्ख्या तालुक्याला कळेल, आणि त्यांची परवानगी मी घेतलेली नाही. नाव-पत्ता आपल्या माहितीसाठी वेगळ्या कागदावर दिला आहे. गावच्या यादीत मात्र माझं नाव मला हवं आहे. अपात्र, पाच हप्ते, दहा हजार रुपये, फेब्रुवारी २०२१ मध्ये परत. पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
जि. सोलापूर